मुक्ता, होकार देण्याआधी

कराड



नाशिकच्या स्थळाचं तू सांगितलंस आणि फोनवरच विचारलंस, "मावशी, करू की नको?" अशा प्रश्नाचं उत्तर घाईने देऊ नये, म्हणून तेव्हा मी विषय बदलला. तुझ्या आईला होकार हवा आहे आणि तो दिवाळीच्या आत हवा आहे. काकांचं म्हणणं, आता लेकीकडे, ईराकडे बघ, लग्न एकदाच व्हायचं असतं. दोघांच्याही पोटात तुझ्याबद्दल माया आहे, त्यात शंका नको. पण दोघंही एक गोष्ट धरून चालले आहेत, की घटस्फोट होऊन तुझ्या आयुष्यात काहीतरी लाजिरवाणं घडलं आहे. आईला ते लवकरात लवकर झाकायचं आहे आणि काकांना वाटतं, तू ते जन्मभर निमूट वागवावंस. मला हे मुळातच पटत नाही. माझी सगळी वकिली याच दुःखाचे कागद चाळण्यात गेली. त्यातून जे समजलं ते सविस्तर लिहिते, मग तुझं तू ठरव.

आधी एक आकडा सांगते, तो माझ्या डोक्यातून जात नाही. २०११च्या जनगणनेत देशभरात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसं साडेतेरा लाखांच्या आसपास होती. त्यांत बायका नऊ लाखांवर आणि पुरुष साडेचार लाखांच्या घरात. प्रत्येक घटस्फोटात एक बाई आणि एक पुरुष मोकळे होतात. मग बायका दुप्पट कशा? थोडा फरक आयुर्मानाचा असेल, काहींनी खरी नोंद दिली नसेल. पण मुख्य उत्तर सरळ आहे. पुरुष पुन्हा बोहल्यावर चढतात आणि पुढच्या जनगणनेत विवाहितांच्या रकान्यात जातात. बायका आहे त्याच रकान्यात राहतात. सूरज जेकब आणि श्रीपर्णा चट्टोपाध्याय या अभ्यासकांनी २०१६ साली हेच आकडे उलगडून दाखवले होते. तुझ्याच घरचं उदाहरण घे. तुझ्या पहिल्या नवऱ्याने वर्ष भरायच्या आत लग्न केलं. त्याला कुणी विचारलं का, की आता मुलीकडे बघ, लग्न एकदाच होतं? त्याच्या लग्नात तुझे काका आहेराचं पाकीट घेऊन गेले होते. त्यांना त्यात वावगं वाटलं नाही, आणि मीही म्हणते, वावगं नव्हतंच. मग तोच नियम तुला का नाही?

त्याच जनगणनेतला दुसरा आकडा मला जास्त छळतो. घटस्फोट न घेता नुसते वेगळे राहणारे लोक पस्तीस लाखांवर होते, म्हणजे घटस्फोटितांच्या अडीच पट. त्यांतही बायका दुप्पट. लोक म्हणतात, आपल्याकडे घटस्फोट कमी, म्हणजे आपली कुटुंबं घट्ट. मी म्हणते, आपल्याकडे कागद कमी.

माझ्याकडे एक बाई यायच्या, डोंगरातल्या एका वाडीवरच्या. नवरा मुंबईला हमाली करायचा आणि तिथेच त्याने दुसरं बिऱ्हाड केलेलं. या माहेरी भावाच्या पडवीत राहायच्या, रोजाने भांगलणीला जायच्या. कापडदुकानाच्या जुन्या पिशवीत त्यांचे कागद असत, घड्या घालून घालून घडीवरच फाटलेले. भाऊ त्यांचं नाव आपल्या रेशनकार्डावर घालायला तयार होता, पण आधी सासरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला हवा. सासरचे तो देत नव्हते, कारण त्या नावावर धान्य येत होतं. या गव्हा-तांदळाच्या काही किलोंसाठी ती बाई मला भेटली होती, पोटगीसाठी नव्हे. गळ्यात मंगळसूत्र तसंच होतं. मी विचारलं, मोकळ्या का होत नाही? म्हणाल्या, "भाऊ म्हणतो, नावाला तरी नवरा असू दे, नाहीतर पोरीची सोयरीक जमायची नाही." नवरा नावाला होता आणि त्या नावापायी बाईला धान्य मिळत नव्हतं, दुसरा संसार करता येत नव्हता, नवऱ्याच्या रानात पाय टाकता येत नव्हता. पुढे दावा लावला, पोटगीचा हुकूम झाला. पोटगी कधी वेळेवर आली नाही, पण रेशनकार्ड वेगळं झालं. त्या दिवशी त्यांनी मला शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा आणून दिल्या होत्या.

अशा बायकांची दखल महाराष्ट्रात फार उशिरा घेतली गेली. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरवली. ॲड. निशा शिवूरकर त्या कामात पुढे होत्या. 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे त्यांचं पुस्तक तुला मिळालं तर वाच. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने अशा बायकांसाठी वेगळं रेशनकार्ड आणि घराला जागा मागितली. मुस्लिम बायकांचं दुखणं दिसायला उलटं होतं, तिथे नवरा तीनदा तोंडाने बोलून मोकळा व्हायचा. त्याविरुद्ध हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, आणि असा तलाक अवैध ठरायला २०१७ साल उजाडलं. एकीकडे सोडचिठ्ठी मिळत नव्हती, दुसरीकडे ती अंगावर फेकली जात होती. दोन्हीकडे दोरी नवऱ्याच्याच हातात.

हे सगळं तुला का सांगते? कारण तुझ्याकडे कागद आहे. परस्परसंमतीचा, न्यायाधीशांच्या सहीशिक्क्याचा. १९७६च्या आधी हिंदू विवाह कायद्यात असा परस्परसंमतीचा मार्गच नव्हता. कुणी तरी कुणावर तरी आरोप सिद्ध करायचा, मगच सुटका. तू आणि तो एकमेकांवर चिखल न उडवता वेगळे झालात. तुझ्या आईला त्या हुकूमनाम्याची प्रत कपाटात खालच्या खणात लपवून ठेवावीशी वाटते. मला तर तो तुझ्या शिक्षणाच्या दाखल्यांइतकाच मोलाचा कागद वाटतो.

आता काकांच्या नेहमीच्या वाक्याकडे येते, "हल्लीच्या मुलींना सहनच होत नाही." घटस्फोट का वाढले असं विचारणाऱ्याला मी आधी हे विचारते, की मोडलेले संसार वाढले, का मोडल्याची नोंद वाढली? पूर्वी विहीर होती, माहेरची पडवी होती, सासरच्या माजघरातला कोपरा होता. आता बाईच्या हातात पगार आला. घरात एकच किंवा दोनच मुलं असल्यामुळे मुलीचे आईबाप तिच्या पाठीशी उभे राहायला लागले. २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा मिळाला आणि त्याच वर्षी कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आला, त्यामुळे नवऱ्याच्या घरातून हुसकून देणं सोपं राहिलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१च्या फेरीत विवाहित बायकांपैकी सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. त्यातल्या किती जणी कोर्टाची पायरी चढतात? तेव्हा मुलींची सहनशक्ती आटली अशी काळजी कुणी करू नये. ती अजून गरजेपेक्षा फार जास्त आहे.

मारहाण, दारू आणि दुसरी बाई ही तीन कारणं मी पहिल्या दिवसापासून पाहत आले. नवीन आहे ते लपवाछपवीचं. लग्न दोन भेटींत ठरतं, तिसऱ्या भेटीत हॉल ठरतो आणि खरं काय ते वर्षभराने बाहेर येतं. कुणाचं आजारपण लपवलेलं असतं, कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाला बाईबद्दल ओढच नसते आणि घरच्यांनी 'लग्न झालं की होईल सगळं ठीक' म्हणून बोहल्यावर उभं केलेलं असतं. या शेवटच्या प्रकारात दोन्ही पोरं हकनाक होरपळतात आणि मला त्या मुलाचाही कळवळा येतो. घराचा हप्ता दोन पगारांवर बेतलेला असतो, एक पगार थांबला की भांडण सुरू. तुझ्या नवऱ्याने शेअरबाजारातल्या फ्यूचर-ऑप्शनच्या नादात केलेलं कर्ज तुझ्यापासून लपवलं. रक्कम किती होती ते महत्त्वाचं नव्हतंच. बँकेचा माणूस दारात येईपर्यंत तो रोज तुझ्यासोबत बसून चहा पीत होता, हे तुला गिळता आलं नाही. तू ते मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हाही मला वाटलं होतं, हे कारण पुरेसं आहे. आजही तेच वाटतं.

बायकांच्या बाजूच्याही चुका मी पाहिल्या आहेत, वकील म्हणून ते नाकारणार नाही. मुलीच्या संसारात तिच्या आईने दिवसातून चार वेळा फोनवरून हात घालावा आणि मुलीने स्वयंपाकघरातलं सगळं तिकडे पोचवावं, यातूनही घरं मोडली. सूड म्हणून सासू-नणंदांची नावं तक्रारीत गोवलेली पाहिली. आणि कोर्टातल्या मुलांच्या खोलीत तासभर आपल्याच मुलीशी काय बोलावं हे न सुचून तिच्या चपलेचा पट्टा पुन्हा पुन्हा लावत बसलेले बापही पाहिले. तू ईराला तिच्या बाबांकडे नियमाने पाठवतेस, दर वेळी हसून पाठवतेस, याबद्दल मला तुझा फार अभिमान आहे.

काकांचं दुसरं म्हणणं, "आपल्यात असं नव्हतं." यावर मात्र गप्प बसणं मला जमत नाही. आपल्यात म्हणजे कुणाच्यात? महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत विधवेचा किंवा सोडचिठ्ठी झालेल्या बाईचा पाट लागत असे, कुठे त्याला म्होतूर म्हणत. पेशवाईत सरकार त्यावर पाटदाम नावाची पट्टी वसूल करायचं, म्हणजे तो दरबारी मान्य व्यवहार होता. काडी मोडून नवरा-बायको वेगळे व्हायचे आणि जातपंचायतीपुढे त्याचा निवाडा व्हायचा. मी त्या जुन्या चालीचे गोडवे गाणार नाही. पाट बहुधा रात्री, गाजावाजा न करता लागायचा आणि पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोइतका मान नसायचा. पंच सगळे पुरुषच. पण बाईने दुसरा संसार करणं हे पाप नव्हतं. पुढे घरात चार पैसे आले, खानदानीपणाची हौस आली, आणि वरच्या जातींसारखं दिसायचं म्हणून अनेक घराण्यांनी पाट बंद केला. ज्या गोष्टीला काका परंपरा म्हणतात तिचं वय कित्येक घरांत तीन-चार पिढ्यांपलीकडे जात नाही.

डॉ. रखमाबाईंचं नाव तू शाळेत ऐकलं असशील. त्यांच्या आईची गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. जयंतीबाई तरुणपणी विधवा झाल्या, पदरात छोटी रखमा. त्या सुतार समाजाच्या होत्या आणि त्या समाजात पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती, म्हणून त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. या सावत्र वडिलांच्या घरात रखमाबाई वाढल्या, शिकल्या. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजीशी लावून दिलेलं होतं, पण त्या सासरी कधी नांदल्याच नाहीत. १८८४ साली दादाजीने बायकोचा ताबा मागणारा दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण अपिलात तो फिरला, आणि १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग निवडला. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, दादाजीने दुसरं लग्न केलं, आणि रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. सुरत आणि राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले. त्या गेल्या १९५५च्या सप्टेंबरात. हिंदू बायकांना देशभर घटस्फोटाचा हक्क देणारा कायदा त्याच वर्षी मे महिन्यात लागू झाला होता. मधल्या काळात सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १९३१ साली आणि मुंबई प्रांतात १९४७ साली घटस्फोटाचे कायदे आले, आणि हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं.

एवढ्या लांबलचक लढाईत मला सखाराम अर्जुन यांचं घर फार महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या लग्नातून मिळालेलं ते घर होतं. बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या मुलीसाठी तिथला कर्ता पुरुष ठाम उभा राहिला. दुसऱ्या लग्नाचं मूल उपरं राहतं असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते.

आणि आता मुद्द्यावर येते. तू बोलता बोलता एक वाक्य टाकलंस, जणू त्यात विशेष काही नाही, "त्यांची आई म्हणाली, सुरुवातीला काही महिने ईरा आजीकडे पुण्यातच राहिली तर बरं, तिची शाळा पण मोडणार नाही." मुक्ता, त्या वाक्यापाशी मी थांबले. पुनर्विवाहाच्या जाहिराती मी वर्षानुवर्षं वाचते आहे. 'निर्दोष घटस्फोटित', 'विनापत्य', 'मुलाची जबाबदारी नसलेली'. पुरुषाच्या जाहिरातीत मात्र असतं, 'आठ वर्षांच्या मुलाला आईची माया देणारी हवी.' त्याचं मूल आईची माया मागतं, तुझं मूल जबाबदारी ठरतं. ईरा सात वर्षांची आहे. काही महिने म्हणून आजीकडे ठेवलेली मुलं तिथेच दहावी होताना मी पाहिली आहेत. सुट्टीत ती आईच्या घरी पाहुणी म्हणून जातात, आणि आईला दारात पाहून धावत येण्याऐवजी आधी त्या घरातल्या माणसांच्या तोंडाकडे बघतात. शाळेचा प्रश्न खरा असेल तर त्याचं उत्तरही सोपं आहे, परीक्षा संपेपर्यंत लग्नच थांबवायचं. सगळ्यांनी मिळून थांबायचं, एकट्या ईराने नाही.

या बाबतीत कायदा काय सांगतो तेही माहीत असू दे. सावत्र बाप हा कायद्याने नैसर्गिक पालक ठरत नाही. त्याला ईराला दत्तक घ्यायचं झालं तर तिच्या बाबांची संमती लागेल. ती मागायची घाई करू नकोस, तिला तिचे बाबा आहेत. आडनावाचं म्हणशील, तर २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने वडील हयात नसलेल्या मुलाच्या बाबतीत स्पष्ट सांगितलं आहे की पुनर्विवाह केलेल्या आईला मुलाचं आडनाव ठरवण्याचा अधिकार आहे. ईराचे बाबा तर आहेत, आणि अधिकार असला तरी तो लगेच वापरलाच पाहिजे असं नाही. शाळेच्या हजेरीपटावर ईराचं नाव आहे तसं राहू दे. मोठी झाली की ती सांगेल. नाशिकच्या माणसाला ती काय हाक मारेल हेही तिच्यावर सोपव. पहिल्याच दिवशी 'बाबा म्हण' असं पढवलेली पोरं मी पाहिली आहेत, ती पुढे काहीच हाक मारत नाहीत.

मुलांवर घटस्फोटाचा परिणाम होत नाही असं मी म्हणणार नाही. होतो. पण मला जे दिसलं ते असं, की वेगळं राहणाऱ्या आईबापांच्या मुलांपेक्षा एकाच छपराखाली धुमसणाऱ्या आईबापांची मुलं जास्त खचतात, आणि सगळ्यांत जास्त खचतं ते निरोप्या केलेलं मूल. "जाऊन सांग तुझ्या बापाला फीचे पैसे पाठवायला." तू हे कधी केलं नाहीस. नव्या घरातही कुणाला करू देऊ नकोस.

पैशांबद्दल बोलायला तुला संकोच वाटतो, म्हणून मी बोलते. तू पुन्हा लग्न केलंस की तुझी स्वतःची पोटगी थांबते. ईराच्या खर्चाची रक्कम मात्र तिच्या हक्काची आहे, ती तुझ्या लग्नाने थांबत नाही. काही बाप तसं समजून पैसे पाठवायचं सोडतात, तेव्हा ईराच्या बाबांशी आधीच बोलून ठेव. नाशिकच्या माणसाचा घटस्फोट झालेला आहे म्हणतात, तर त्याच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत बघ. नुसतं 'केस मिटली आहे' यावर जाऊ नकोस. पहिलं लग्न कायद्याने मोडलेलं नसेल तर दुसरं लग्न लग्नच ठरत नाही, आणि त्यात भरडली जाते ती दुसरी बाई. त्याच्या विम्यावर आणि भविष्यनिर्वाह निधीवर वारस म्हणून अजून कुणाचं नाव आहे तेही विचार. पहिल्या बायकोचं नाव राहून गेलेली प्रकरणं माझ्या कपाटात आहेत. त्यात लबाडी नसते, आळस असतो, पण भोगावं लागतंच.

घराचं तर नक्की ठरव. गोव्यात आपली माणसं राहतात त्यांना पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची समान, मोडलं तर निम्मी निम्मी. तिथे घटस्फोटाचा हक्कही १९१०च्या पोर्तुगीज कायद्याने आला. इकडे महाराष्ट्रात संसारात उभ्या केलेल्या घरावर बायकोचा आपोआप हक्क नाही. नाव कागदावर असेल तर घर, नाहीतर पोटगीचे अर्ज. पहिल्या वेळी हप्त्यात तुझा पगार गेला आणि फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर निघाला, ते पुन्हा होता कामा नये. नवीन घर घ्याल तर दोघांच्या नावावर. जुन्याच घरात राहणार असाल तर तुझा पगार तुझ्या खात्यात, घरखर्चातला वाटा ठरलेला. हे सगळं बोलल्याने प्रेम कमी होतं असं जो म्हणेल त्याच्याशी लग्नच करू नकोस.

आणखी एक सांगायचं राहिलं. आजकाल पहिल्यांदाच लग्न करणारे पुरुषसुद्धा घटस्फोटितेला मागणी घालतात आणि आपल्याला वाटतं समाज सुधारला. काही घरं खरंच सुधारली आहेत. पण २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, सहा वर्षांखालच्या. त्यातली मोठी मुलं आत्ता कुठे लग्नाच्या वयाला येत आहेत आणि त्याआधीची परिस्थितीही फारशी बरी नव्हती. २०२२च्या डिसेंबरात सोलापुरात तरुणांनी बाशिंगं बांधून मोर्चा काढला, आम्हाला मुली मिळत नाहीत म्हणून. मुली जन्मू दिल्या नाहीत त्याचं हे देणं आहे. त्यापायी कुणी तुला पत्करत असेल तर ते तुझ्या वाट्याचं प्रेम नाही. नाशिकचा तसा वाटत नाही, तरी त्याला तू का हवी आहेस हे तुला त्याच्याकडून कळायला हवं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. कर. तुला तो आवडला आहे, हे तुझ्या बोलण्यातून मला कळलं. त्याने तुला पहिल्या भेटीत तुझ्या कामाबद्दल विचारलं आणि दुसऱ्या भेटीत स्वतःच्या मोडलेल्या लग्नातली आपली चूक कोणती ते सांगितलं, हे मला चांगलं लक्षण वाटतं. छत्तिसाव्या वर्षी सोबत हवीशी वाटणं यात चोरी नाही. नकोशी वाटली असती तरी मी तितक्याच ठामपणे तुझ्या बाजूने उभी राहिले असते. पण उपकार घेतल्यासारखी जाऊ नकोस. लग्न दिवसाढवळ्या कर, चार माणसं बोलाव, हिरवा चुडा भरायचा असेल तर भर. आईला म्हणावं, देवळात गुपचूप हार घालून उरकायचं काही कारण नाही. काकांना निमंत्रणाला मी स्वतः जाईन.

मी येत्या रविवारी कोयना एक्सप्रेसने येते आहे. त्याला संध्याकाळी घरी बोलाव, एकट्याला. त्याच्या आईशी नंतर बोलू, त्या माउलीलाही तिच्या काळज्या असतील. हुकूमनाम्याची प्रत घेऊन ये म्हणावं, आणि नाशिकच्या घराचा नकाशा कागदावर काढून दाखव म्हणावं. ईराची खोली त्यात कुठे आहे, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे.

तुझी,
मावशी